टुणकीला गावी पाठवायचं नाही

केदारने पिशवीतून चार नवी खेळणी काढली, टेबलावर ओळीने उभी केली आणि म्हणाला, "अंकल, टुणकीला मारायचंय."

वॉल्टर पेन्सिलीला टोक काढत होता. त्याने टोक पूर्ण काढलं, भुसा कागदावर गोळा केला, कागद दुमडून टोपलीत टाकला आणि मगच मान वर केली. वागळे इस्टेटीतल्या ह्या शेडमध्ये, ह्याच खिडकीखाली बसून त्याचे काळ्याचे पांढरे झाले होते. बाकीची मंडळी आता कॉम्प्युटरवर चित्रं हलवत. तो अजून कागदावर काढायचा.

"मारायचं म्हणजे?"

"म्हणजे मारायचं. संपवायचं." केदार हसला, पण त्या हसण्यात माज नव्हता. अवघड बोलताना माणूस उगाच हसतो, तसं ते हसणं होतं. "हे नवीन चक्रवीर. गाडीचा योद्धा होतो, योद्ध्याची गाडी. दिवाळीला बाजारात येणार. गोष्टीत एक राक्षसी मशीन येतं, टुणकी पोरांना वाचवायला मध्ये उडी घेते, मशीनखाली जाते. मग चक्रवीर बदला घेतात. मालकांना असंच पाहिजे."

केदार 'भिंगरी खेळणी' ह्या कंपनीचा माणूस. भिंगरीचा कोलशेतचा कारखाना नव्या मालकांनी घेतला होता आणि त्यांचा निरोप घेऊन तो स्टुडिओत यायचा. मुलगा टिटवाळ्याचा, बोलायला गोड, कामाला चोख.

आणि टुणकी म्हणजे हिरव्या रबराची बेडकी. तिच्या पोटाखालून एक बारीक नळी निघते, नळीच्या टोकाला रबरी फुगा. फुगा दाबला की आधी 'फुस्स' होतं आणि मग बेडकी टुणकन उडी मारते. खेळणं एवढंच. पण त्या एवढ्याशा उडीवर एक कारखाना आणि एक स्टुडिओ जगला होता.

ती कथा अशी. डोंबिवलीच्या एका शाळेत सुधीरराव चित्रकला शिकवायचे. भिंगरीच्या जुन्या शेटजींनी टुणकी काढली तेव्हा तिला कुत्रं विचारत नव्हतं. गोदामात बेडक्यांच्या राशी पडलेल्या. शेटजींनी सुधीररावांकडून सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायला एक छोटी जाहिरात मागितली. सुधीररावांनी शाळा सोडली, ही शेड घेतली, तिला 'हिंदोळा' नाव दिलं आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या वॉल्टरला धरून आणलं. चित्र झालं, पण आवाज मिळेना. फुगा दाबून आवाज घ्यावा तर तो पादल्यासारखा येई. वॉल्टरची बायको थेल्मा तेव्हा नवी नवरी, डबा घेऊन आली होती. सगळे डोक्याला हात लावून बसलेले बघून तिने मस्करीत तोंडाने करून दाखवलं, "फुस्स... टुण्!" सुधीरराव म्हणाले, "वहिनी, डबा ठेवा आणि इथे बसा." ती जी बसली ती तीस वर्षं उठली नाही. बेडक्यांची गोदामं रिकामी झाली. मग टीव्हीवर दर रविवारी ठिपकेपूर नावाच्या गावाची गोष्ट सुरू झाली. गावात टुणकी, कोंडू पोस्टमन, मैनामावशी, लंगडा घोडा, सगळी भिंगरीची खेळणी.

हिंदोळ्यात एक नियम होता. मुलाच्या हातात जे आहे ते खरं, चित्राने त्याच्यामागून चालायचं. रबरी टुणकीचे पुढचे पाय अंगाला चिकटलेले, म्हणून चित्रातल्या टुणकीने जन्मात कधी हाताने काही उचललं नाही. पिशवीसुद्धा तोंडात धरून नेली. एकदा कारखान्यातला पिवळा रंग संपला आणि टुणकीच्या पाठीवरचे ठिपके तपकिरी आले. इथे अर्धी गोष्ट पिवळ्या ठिपक्यांनी रंगवून झालेली. सुधीररावांनी ती सगळी पुन्हा रंगवायला लावली. रंग भरणाऱ्या बायका रडकुंडीला आल्या, पण रंगवली.

ह्या नियमातूनच पुढची रीत निघाली. कोंडू पोस्टमनचा साचा तडकला आणि शेटजी म्हणाले, कोंडू बंद. आता गोष्टीत त्याचं काय करायचं? कोणी म्हणालं, मारून टाका. सुधीरराव म्हणाले, "ज्या पोराच्या उशाशी कोंडू झोपलाय, त्याला काय सांगायचं? मेलेल्याशी खेळ म्हणून?" मग त्यांनी कोंडूला गावी पाठवलं. वॉल्टरने खोपटच्या स्टँडवर बसून एस.टी. काढून आणली. ठिपकेपूरची सगळी मंडळी स्टँडवर जमली, कोणी भाकरी बांधून दिली, कोंडू खिडकीत बसला, थेल्माने तोंडाने घंटीचे दोन ठोके दिले आणि गाडी गेली. त्या दिवसापासून खेळणं बंद झालं की ते गावी जायचं. मैनामावशी गेली, लंगडा घोडा टपावर बसून गेला. त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांनी एकत्र जेवायचं, शेवटचं घोटभर ताक तरी पिऊनच उठायचं, ही पद्धत पडली. सुधीरराव जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण पद्धत गेली नव्हती.

"मग टुणकीला पण गावी पाठवू," वॉल्टर म्हणाला. "एस.टी. तयार आहे."

"तिथेच तर लोचा आहे, अंकल. गावी गेलेला माणूस परत येतो. पोरं अजून कमेंटमध्ये विचारतात, कोंडू कधी येणार? टुणकी गावी गेली तर लोक दुकानात तीच मागत बसणार. मग चक्रवीर घेणार कोण?" केदारने एका योद्ध्याचा हात खालीवर केला. "माझ्याकडे पण होती हो टुणकी. नळी फाटली, पप्पांनी फेकून दिली. दोन दिवस रडलो. मग बॅट आणली, विसरलो. पोरं अशीच असतात."

सुधीररावांची मुलगी ऋजुता आता स्टुडिओ बघायची. ती दारात उभी राहून ऐकत होती. केदार गेल्यावर ती वॉल्टरजवळ स्टूल ओढून बसली.

"अंकल, तुम्ही नाही काढलंत तर ते दुसऱ्या स्टुडिओकडून करून घेतील. अंधेरीच्या. त्यांनी बोलणी पण केलीयेत. मग ती मशीनखालीच जाईल."

"मी नाही म्हटलंय का?"

"हो पण नाही म्हणालात."

वॉल्टरने खिडकीबाहेर बघितलं. त्याचा हात अडवणारं कारण ऋजुतालाही अर्धंच ठाऊक होतं. टुणकीचा आवाज आज घरी अंथरुणावर होता. थेल्माच्या घशात गाठ निघाली होती. आधी आवाज बसला, मग गेला, आता नुसती कुजबूज उरली होती. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात वॉल्टरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता इथे आणू नका, घरीच ठेवा, पाहिजे ते खायला द्या. त्याने मान हलवली आणि ते शब्द तिथेच गिळले. शेजाऱ्यांनी विचारलं तर "बरी आहे." चर्चमध्ये फादरनी विचारलं तर "बरी आहे." मस्कतहून मुलगा फ्रँकलिन दर शुक्रवारी फोन करायचा, त्यालाही "बरी आहे, फक्त घसा बसलाय." आणि थेल्माला तर तो रोज म्हणायचा, पावसाळ्यानंतर उत्तनला जाऊ, तुझ्या आजोळी. अशा माणसाने टुणकीचं मरण कुठल्या हाताने काढायचं?

त्याने ठरवलं की एवढी सुंदर एस.टी. काढायची की मालकांचंही मन फिरेल. थेल्मा झोपली असेल तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचा. स्टँड काढला, उसाचा रस काढला, खिडकीत टुणकी काढली. पुढचे पाय अंगाला चिकटलेले, निरोपाचा हात हलवता येत नाही, म्हणून ती नुसती बघते आहे. ती नजर काही केल्या जमेना. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

रविवारी ऋजुता पपई घेऊन थेल्माला बघायला आली. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं ते बैठं घर, दारात क्रूस, कुंड्यांतून पुदिना. थेल्मा भिंतीला उशी लावून बसली होती. अंगाची काडी झाली होती, पण डोळे तेच, खट्याळ.

"आंटी, कशा आहात?"

"काय विचारतेस? तुझा अंकल सांगतो ना, बरी आहे," थेल्मा कुजबुजली. "टेबलावर रोज काय खरडतो तो? मी झोपलेय वाटतं त्याला. मी डोळे मिटून बघते."

वॉल्टरने ऋजुताकडे डोळे वटारले. पण ऋजुताला थेल्मापुढे खोटं कधी जमलं नव्हतं, लहानपणी पेढा चोरला तेव्हाही नाही. तिने सगळं सांगितलं. मशीन सांगितलं, चक्रवीर सांगितले, केदारची बॅटसुद्धा सांगितली.

थेल्मा शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "पोरगा बरोबर बोलतोय."

"काय बरोबर?" वॉल्टर उखडला. "मशीनखाली घालणार तो तिला!"

"मशीन नको. ती मारामारी झाली. पण गावी पण नको." तिने पाणी मागितलं. घोट घशाखाली उतरायला वेळ लागला. तोवर दोघं थांबली. "वॉल्टर, माझी आई कधी गेली, ठाऊक आहे ना तुला?"

"तू पाच वर्षांची होतीस."

"ते तुला ठाऊक आहे. मला नव्हतं. मला सांगितलेलं, आई उत्तनला गेलीय, आजीकडे. आठ दिवसांनी येईल. बाळंतपणात गेली, बाळ पण गेलं, सगळं गाव माती देऊन आलं आणि मला शेजारणीकडे चिंचा सोलायला बसवलेलं. मग मी रोज संध्याकाळी नाक्यावर जाऊन बसायची. उत्तनहून येणारी भाईंदरची गाडी आली की उतरणारी एकेक बाई बघायची. पावसाळा गेला, नाताळ गेला, परत पावसाळा आला. मला वाटायला लागलं, माझंच काहीतरी चुकलंय म्हणून ती येत नाही. मी तिचा फुटका आरसा लपवून ठेवलेला, तो जाऊन विहिरीत टाकला. तरी नाही आली."

"तू हे कधी सांगितलं नाहीस," वॉल्टर म्हणाला.

"शेवटी कोणी सांगितलं माहीत आहे? शाळेतल्या पोरीने. लगोरीच्या भांडणात. 'तुझी आई कधीच मेलीय गो येडे!' सगळ्या पोरींना ठाऊक होतं. मला एकटीला नव्हतं." थेल्माने ओठ पुसले. "कोंडू गेला तेव्हा मी घंटी वाजवली ना तोंडाने, तेव्हा मला नाक्यावरची ती गाडीच दिसत होती. मैनामावशीला तर माझ्याकडून वाजवलीच जात नव्हती. सुधीररावांना सांगावं वाटायचं. पण त्यांचा केवढा जीव त्या एस.टी.वर. देवमाणूस. कसं सांगणार?"

ऋजुता खाली मान घालून पपईची बी बोटाने ढकलत होती. वॉल्टर उठला, उगाच खिडकी लावली, पुन्हा उघडली.

"मला नाही जमणार, गो," तो म्हणाला.

"का नाही जमणार?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"मला पण तू एस.टी.त बसवणार आहेस का?" थेल्माने विचारलं. "पावसाळ्यानंतर उत्तनला?"

बाहेर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती. वॉल्टर पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने थेल्माचा पाय चादरीवरून धरला. लहान मुलाला कुशीत ओढावं तसं तिने त्याचं डोकं आपल्याकडे ओढलं. ऋजुता पपई घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ चिरत राहिली.

ती परत आली तेव्हा टेबल पलंगाजवळ आलं होतं. एस.टी.चे कागद बाजूला पडले होते. वॉल्टरपुढे कोरा कागद होता आणि थेल्मा त्याच्यावर डाफरत होती, कुजबुजीत जेवढं डाफरता येईल तेवढं.

"एकदम नको मारू. आधी उडी छोटी कर. एक दिवस पायरीवर पोचते, दुसऱ्या दिवशी पायरीच्या आधीच पडते. बेडकीला कळतं पहिलं. मग बाकीच्यांना."

"आणि मग?"

"मग फुगा दाबतात. फुस्स होतं. टुण् होत नाही."

वॉल्टरची पेन्सिल थांबली. थोड्या वेळाने पुन्हा चालू लागली. त्याने टुणकीभोवती गाव काढलं. सगळे रडताहेत असं काढलं. थेल्माने कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे काय? सगळेच रडतायत? मग चहा कोण करतंय? मयताच्या घरी अर्धी माणसं कामातच असतात रे. एकाला खुर्च्या आणायला पाठव. एकाला फुलांवरून भांडण करू दे. आणि एस.टी. कुठेय?"

"एस.टी. नको म्हणालीस ना?"

"जायला नको. पण यायला नको का? मयताला गावाहून माणसं येत नाहीत? इतकी जणं पाठवलीत ती कशाला ठेवलीयेत तिकडे? कोंडूला आण. मैनेला आण. घोड्याला टपावरून नीट उतरव, लंगडा आहे तो."

वॉल्टरने तिच्याकडे बघितलं. मग त्याने बाजूला टाकलेला कागद ओढला, स्टँड तसाच ठेवला आणि गाडीचं तोंड फिरवलं. दारातून त्याने एकेकाला उतरवलं. कोंडूची खाकी विटलेली, मैनामावशीच्या हातात बोचकं, तिचा एक डोळा कारखान्यात नेहमी तिरका रंगवला जायचा, तो तसाच तिरका. किती वर्षांनी ती सगळी माणसं त्याच्या हाताखाली येत होती, आणि हात कुठे अडला नाही. दुपार सरली. थेल्मा मध्येच डुलकी घ्यायची, जागी होऊन चूक काढायची आणि पुन्हा डोळे मिटायची.

निघताना ऋजुताने विचारलं, "आंटी, आवाज जुन्या टेपेवरून घेऊ ना?"

"जुन्या टेपेवर सगळीकडे टुण् आहे, बाय. तो मोबाईल इकडे आण." थेल्माने मोबाईल ओठांजवळ धरला. आवाज गेला होता, पण फुस्सला आवाज लागतच नाही, नुसता वारा लागतो. तिने वारा सोडला. नंतर ती दम लागून पडून राहिली. मोबाईलमधला आकडा पुढे पुढे जात होता आणि तो बंद करायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी केदारने शेडमध्ये ते कागद एकामागून एक बघितले. ऋजुताने कॉम्प्युटरवर ते जोडून, आवाज लावून दाखवले. फुस्स झालं. केदार पुढच्या आवाजाची वाट बघत पडद्याकडे वाकला. तो आला नाही. केदार तसाच वाकलेला राहिला.

"पण कोंडूचा साचा मोडलाय, अंकल," तो शेवटी म्हणाला. "बंद झालेला माल दाखवायचा नाही, असं लिहिलंय आपल्या करारात."

"तुमच्यात बंद झालाय," वॉल्टर म्हणाला. "लोकांच्या घरी आहे तो. मयताला येणारच."

"आणि आमचे चक्रवीर?"

"बाहेर खुर्च्या लावतायत. बघा ना. नवे शेजारी आहेत, हात लावायलाच पाहिजे."

केदारने पुन्हा बघितलं. लाल योद्धा दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन अवघडून उभा होता, मयताच्या घरी पहिल्यांदाच आलेला तरुण पोरगा उभा राहतो तसा. केदारने नाक ओढलं, सर्दी असल्यासारखं. "वर विचारतो," म्हणाला. दोन दिवसांनी वरून निरोप आला. करा, पण खुर्च्या लावताना चक्रवीर एकदा तरी गाडी होऊन दाखवू देत. वॉल्टर म्हणाला, होऊ देत, खुर्च्या आणायला गाडी लागतेच.

त्या दिवशी शेडमध्ये सगळे एकत्र जेवले. वॉल्टर ताकाला थांबला नाही. घोटभर पिऊन उठायची पद्धत त्याने पहिल्यांदाच मोडली आणि उन्हातच घरी आला.

थेल्मा जागी होती. त्याने काय झालं ते सांगितलं. खुर्च्यांचं ऐकून तिचे खांदे हलले. तेवढंच हसणं आता तिला जमायचं. मग त्याने चष्मा काढला, फोन घेतला आणि तिच्या पलंगावर, तिच्यासमोरच बसून मस्कतचा नंबर लावला. आज शुक्रवार नव्हता. फ्रँकलिनने पहिल्याच घंटेला उचलला.

"पपा? काय झालं? मम्मी बरी आहे ना?"

वॉल्टरने थेल्माकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, रेकॉर्डिंगच्या वेळी काचेआडून इशाऱ्याची वाट बघायची तशी.

"नाही, बाळा," वॉल्टर म्हणाला. "बरी नाही. बरी होणार नाही. डॉक्टरांनी महिनाभरापूर्वीच सांगितलं, मीच बोललो नाही तुला. तू ये. पोरांना पण आण. लहान आहेत म्हणून ठेवून येऊ नको."

पलीकडून फ्रँकलिनचं रडू आलं, मोठ्या माणसाचं, अडखळत येणारं. वॉल्टरने फोन कानापासून काढला नाही. तोही रडला. थेल्माने हात लांब करून त्याची बाही ओढली.

"काय म्हणतेय मम्मी?" फ्रँकलिनने विचारलं.

वॉल्टरने कान तिच्या तोंडाजवळ नेला, ऐकलं आणि सांगितलं, "खजूर नको आणू म्हणते. तिला गिळवत नाही. पोरांना चॉकलेटं आणायची तर आण म्हणते, पण लवकर ये."